वीर्य गोठवलं तर बाळावर परिणाम होतो का? (एपिजेनेटिक्स, शंका आणि आजवरचे पुरावे)

शलाका

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या अँड्रॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वीर्याचे नमुने तपासणं, गोठवणं, वेळ येईल तेव्हा वितळवून डॉक्टरांच्या हाती देणं हे माझं रोजचं काम. धागा काढायचं कारण असं की केमोच्या आधी नमुना ठेवायला येणाऱ्या तरुण मुलांच्या घरच्यांकडून हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की गोठवल्याने शुक्राणूंच्या एपिजेनेटिक्समध्ये बदल होतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. मग आई म्हणते, राहू दे, आधी आजार बरा होऊ दे, मग बघू. काही औषधांनंतर वीर्यात शुक्राणूच उरत नाहीत, त्यामुळे ते 'मग' बऱ्याच जणांच्या वाट्याला येत नाही. एका अर्धवट वाचलेल्या वाक्यावरून असा निर्णय होताना पाहून फार वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एपिजेनेटिक्सबद्दल. डीएनएची अक्षरं तीच असतात, पण कुठलं जनुक कधी वाचायचं हे ठरवणाऱ्या खुणा त्याच्यावर असतात. एक खूण म्हणजे डीएनएला चिकटलेले मिथिल गट. दुसरी म्हणजे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरचे बदल. तिसरा प्रकार छोट्या आरएनए रेणूंचा. शुक्राणूची गंमत अशी की त्यातले ८५ ते ९५ टक्के हिस्टोन काढून टाकलेले असतात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची प्रथिनं बसलेली असतात. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबून बांधतात तसा हा डीएनए घट्ट बांधलेला असतो. उरलेले थोडे हिस्टोन मात्र कुठेही विखुरलेले नसतात. गर्भाच्या वाढीला लागणाऱ्या महत्त्वाच्या जनुकांपाशी ते जास्त सापडतात, हे २००९ पासून माहीत आहे. शंका घेणारे शास्त्रज्ञ नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि त्यात गैर काही नाही.

आता गोठवताना काय होतं ते. वीर्यात ग्लिसरॉल आणि बऱ्याचदा अंड्याचा बलक असलेलं द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात, नळ्या नायट्रोजनच्या वाफेत थंड करतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. ग्लिसरॉलमुळे पेशी गोठतानाही वाचतात, हा त्याचा गुण १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल भागातल्या संशोधन संस्थेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना सापडला. गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भ राहिल्याचं आयोवा विद्यापीठातल्या बंज आणि शर्मन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं १९७८ मध्ये. म्हणजे हे तंत्र आयव्हीएफपेक्षा पंचवीस वर्षांनी जुनं आहे.

नुकसान होतं का? होतं. बर्फाचे स्फटिक, क्षारांची वाढलेली तीव्रता, वितळताना तयार होणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू यांनी शुक्राणूचं आवरण फाटतं. वितळवल्यावर मायक्रोस्कोपखाली बघितलं तर हलणाऱ्यांपैकी साधारण निम्मे थांबलेले दिसतात. काहींच्या डीएनएत तुटी वाढतात, आणि ज्यांचा नमुना मुळातच कमजोर असतो त्यांच्यात जास्त वाढतात. पण डीएनए तुटणं वेगळं आणि त्यावरच्या खुणा बदलणं वेगळं. वाचलेल्या लेखांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

मिथिलची खूण लावायला किंवा पुसायला विकरं लागतात. पक्व शुक्राणूत जनुकं वाचायचं काम जवळजवळ बंद असतं, आणि उणे १९६ ला तर कुठलीच रासायनिक क्रिया पुढे सरकत नाही. त्यामुळे टाकीत पाच वर्षं ठेवलं काय आणि पंधरा वर्षं ठेवलं काय, खुणा आपोआप बदलायला तिथे यंत्रणाच नाही. जोखीम असलीच तर ती गोठवतानाच्या आणि वितळवतानाच्या काही मिनिटांत. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाने २०१२ मध्ये नऊ जनुकांवरचं मिथिलेशन (म्हणजे मिथिल खुणांची मांडणी) गोठवण्याआधी आणि नंतर तपासलं. फरक आढळला नाही.

मुलांबद्दल म्हणाल, तर फ्रान्समधल्या सेकोस या वीर्यबँकांच्या संघाने १९९६ मध्ये गोठवलेल्या दात्याच्या वीर्यापासून राहिलेल्या ११,५३५ गर्भांची माहिती छापली. जन्मजात व्यंगांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येइतकंच होतं. या अभ्यासाला मी फार वजन देते, कारण दाते निरोगी पुरुष असतात. तिथे वडिलांचा आजार किंवा वंध्यत्व मध्ये येत नाही आणि गोठवण्याचा परिणाम बराचसा सुटा दिसतो.

मला स्वतःला सगळ्यात उघडा प्रश्न वाटतो तो आरएनएचा. बापाच्या आहाराचा परिणाम शुक्राणूतल्या छोट्या आरएनएमार्फत पिल्लांपर्यंत जातो, हे उंदरांमध्ये २०१६ साली दोन गटांनी दाखवलं. आणि मानवी शुक्राणू गोठवल्यावर काही आरएनए कमी झालेले आढळले आहेत. या दोन गोष्टी जोडून 'बाळाला धोका' असं म्हणता येत नाही, पण तिकडे लक्ष ठेवायला हवं हे मी मान्य करते.

प्रश्न विचारा. माहीत असेल तेवढं सांगेन.

---

सोनचाफा

फार गरजेचा धागा. शलाका, एक विचारते. मी प्राणिशास्त्र शिकवते. गोठवलेल्या शुक्राणूंमुळे माशांच्या मिथिलेशनमध्ये फरक पडतो असे पेपर माझ्या वाचनात आले आहेत. ब्राझीलमधल्या टंबाकी माशात मिथिलेशन घटल्याचं आठवतंय. त्यांचं काय?

---

शलाका

सोनचाफा, बरोबर आठवतंय तुम्हाला. माशांमध्ये निकाल एकसारखे नाहीत. कुठे मिथिलेशन घटतं, कुठे किंचित वाढतं, कुठे काहीच होत नाही. मासा कुठला आणि ग्लिसरॉलसारखं रक्षक द्रव्य कुठलं वापरलं त्यावर ते ठरतं. मत्स्यबीज केंद्रांसाठी ही महत्त्वाचीच गोष्ट आहे. पण माशावरून माणसावर उडी मारता येत नाही, आणि त्याची कारणं तुम्ही वर्गात माझ्यापेक्षा चांगली सांगाल. प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा झेब्राफिश घ्या. त्याच्या शुक्राणूत प्रोटामिन नसतंच, सगळा डीएनए हिस्टोनवर असतो. म्हणजे बांधणीच वेगळी.

---

सोनचाफा

हो, आणि दुसरा फरक त्याहून मोठा आहे. झेब्राफिशच्या गर्भात बापाकडून आलेला मिथिलेशनचा नकाशा टिकतो, उलट आईकडचा नकाशा बदलून बापासारखा होतो. सस्तन प्राण्यांत नेमकं उलटं घडतं. फलनानंतर काही तासांतच बापाच्या डीएनएवरच्या बहुतेक मिथिल खुणा पुसायला सुरुवात होते. वाचतात त्या मुख्यतः इम्प्रिंटेड जनुकांवरच्या, म्हणजे आईची प्रत चालवायची की बापाची हे ज्यांच्यावर ठरलेलं असतं ती जनुकं. त्यामुळे माणसाच्या बाबतीत भीती बाळगायचीच तर या थोड्या जागांबद्दल बाळगायला हवी.

---

शलाका

अगदी. म्हणूनच असे अभ्यास एच१९, एमईएसटी यांसारख्या इम्प्रिंटेड जनुकांभोवती फिरताना दिसतात.

---

पशुधन

मी सांगली जिल्ह्यात पशुवैद्य आहे. गोठवलेल्या रेतमात्रा, म्हणजे वळूच्या वीर्याचे डोस, ही आमची रोजची भाकरी, म्हणून लिहितो.

गाई-म्हशींमध्ये हे तंत्र १९५० च्या दशकापासून चालू आहे. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ सुरू केली आणि गोठीत रेतमात्रा गावोगाव पोचवण्यात त्या संस्थेचा मोठा वाटा आहे. आज मी माजावर आलेली गाय भरवायला जातो तेव्हा कंटेनरमधून पाव मिलीचा स्ट्रॉ (वीर्याची बारीक नळी) काढतो, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि रेतनाच्या गनमध्ये भरतो. त्या एका स्ट्रॉमध्ये दोन कोटी शुक्राणू असावे लागतात आणि वितळवल्यावर किमान निम्मे पुढे धावणारे असावे लागतात, असा आपल्याकडचा मापदंड आहे.

दुधाळ गाईंच्या पिढ्यान् पिढ्या अशा जन्मल्या. टॉयस्टोरी नावाच्या एका एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) वळूच्या वीस लाखांहून जास्त रेतमात्रा विकल्या गेल्या. गोठवण्यामुळे वासरांमध्ये काही ठळक बिघाड होत असता तर तो गोठ्यात दिसला असता. शेतकरी वासराकडे फार बारीक नजरेने बघतो.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण तर थक्क करणारं आहे. मेरिनो मेंढ्यांचं १९६८ मध्ये गोठवलेलं वीर्य सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नास वर्षांनी वापरलं. ५६ मेंढ्यांपैकी ३४ गाभण राहिल्या, म्हणजे ६१ टक्के. वर्षभरापूर्वी गोठवलेल्या वीर्याने हेच प्रमाण ५९ टक्के होतं.

डुकरांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचे शुक्राणू थंडी सोसत नाहीत. गोठवल्यावर गर्भ कमी राहतात आणि पिल्लंही कमी होतात, म्हणून वराहपालनात बहुतेक ठिकाणी १७ अंशांवर ठेवलेलं ताजं वीर्यच वापरतात. गोठवल्यावर डुकराच्या शुक्राणूतली डीएनए-प्रथिनांची बांधणी सैल होते असं वाचलं आहे. प्राण्याप्राण्यात इतका फरक आहे.

---

विवेक_नागपूर

माहिती उत्तम, पण पशुधन साहेबांच्या युक्तिवादावर माझा आक्षेप आहे. गाय दूध किती देते, माजावर वेळेवर येते का, एवढंच मोजलं जातं. गाय म्हातारी होऊन तिला मधुमेह होतो का, हे कोणी पाहत नाही. एपिजेनेटिक्सची भीती जन्मजात व्यंगांची नाहीच मुळी. ती पन्नाशीनंतर दिसणाऱ्या आजारांची आहे. सेकोसचा अभ्यासही जन्माच्या वेळचा.

शिवाय नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड यांचा २०२२ चा अभ्यास आहे. जवळजवळ ८० लाख मुलांच्या नोंदी. त्यात गोठवण्याच्या तंत्राने झालेल्या मुलांमध्ये बालपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. त्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही.

---

डॉ_मधुरा

विवेक, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तो अभ्यास मी वाचला आहे आणि पालक मला त्याबद्दल विचारतात. त्यात गोठवलेले होते ते भ्रूण. वीर्य नव्हे. साधारण २२,६०० मुलं गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेली होती आणि त्यांच्यात कॅन्सरची जोखीम सुमारे दीडपट दिसली. प्रत्यक्षात रुग्ण ४८ होते. संशोधकांनीच लिहिलं की संख्या लहान आहे, जपून अर्थ लावा.

भ्रूण आणि शुक्राणू यांच्यात इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. भ्रूणात त्याच दिवसांत जुन्या खुणा पुसणं आणि नव्या लिहिणं जोरात चालू असतं. त्या कामाच्या मध्यात त्याला लॅबमध्ये द्रवात वाढवायचं, गोठवायचं, वितळवायचं, म्हणजे विकरांच्या कामात अडथळा यायला वाव आहे. मेंढ्यांमध्ये भ्रूण सीरममध्ये वाढवल्यावर कोकरं अवाढव्य व्हायची आणि त्यामागे आयजीएफ२आर जनुकावरचं घटलेलं मिथिलेशन होतं, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. माणसांत बेकविथ-विडमन सिंड्रोम हा इम्प्रिंटिंगचा आजार आयव्हीएफच्या मुलांमध्ये काही पटींनी जास्त दिसतो, अशी नोंद २००३ मध्ये एकाच वेळी अनेक देशांतून झाली. तरीही तो दुर्मीळच. एरवी दहा ते चौदा हजार जन्मांमागे एक, त्याच्या काही पट.

तर एपिजेनेटिक काळजीचा मोठा भाग भ्रूणाच्या टप्प्यावर आहे. 'फ्रोझन' एवढा एकच शब्द वाचून लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात. माझ्या ओपीडीत हे दर आठवड्याला घडतं.

---

विवेक_नागपूर

मान्य, तो फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तरी पन्नाशीनंतरच्या आजारांचा मुद्दा उरतोच ना?

---

डॉ_मधुरा

उरतो. गोठवलेल्या वीर्यापासून झालेली पहिली मुलं आज सत्तरीत आहेत, पण ती मोजकी होती आणि दात्याची गोष्ट त्या काळी घराघरांत लपवली जायची. त्यामुळे त्यांचा पद्धतशीर पाठपुरावा झाला नाही. असा पाठपुरावा करायलाच हवा, यावर माझं तुमच्याशी दुमत नाही.

पण तुलना कशाशी करायची हेही बघा. केमोच्या आधी नमुना ठेवणाऱ्या मुलासमोर 'ताजं की गोठवलेलं' असा पर्याय नसतो. 'गोठवलेलं की काहीच नाही' असा असतो.

---

ऑरहूसकर

मी डेन्मार्कमध्ये ऑरहूसला राहतो. जगातल्या मोठ्या वीर्यबँकांपैकी एक, क्रायोस, १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. गोठवलेलं वीर्य इथून जगभर जातं. त्यामुळे हा विषय इथल्या बातम्यांत नेहमी असतो.

२०२५ मध्ये जे उघड झालं ते या चर्चेत यायलाच हवं. एका दात्याच्या काही शुक्राणूंमध्ये टीपी५३ या जनुकात घातक बदल होता. हे जनुक शरीराला कॅन्सरपासून वाचवतं. दाता स्वतः ठणठणीत होता, कारण बदल त्याच्या सगळ्या पेशींत नव्हता. नेहमीच्या तपासण्यांत तो सापडणं शक्य नव्हतं. मे महिन्यात ६७ मुलांची माहिती समोर आली, त्यातल्या १० जणांना कॅन्सर झालेला होता. वर्षाअखेरीस पत्रकारांच्या तपासात मुलांचा आकडा किमान १९७ वर गेला, अनेक देशांत मिळून.

यात गोठवण्याने डीएनए किंवा खुणा बदलल्या नाहीत. दोष आधीपासून होता. गोठवण्याने एवढंच केलं की एका माणसाचं वीर्य कितीही वर्षं, कितीही देशांत वापरता आलं. डेन्मार्कमध्ये एका दात्याकडून १२ कुटुंबांची मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये १० कुटुंबांची, पण सीमा ओलांडली की ती मोजणारं कोणी नाही. आता सगळ्या युरोपसाठी एकच मर्यादा असावी अशी मागणी होते आहे. मला ती मागणी शंभर टक्के योग्य वाटते.

---

पशुधन

ऑरहूसकर, आमच्याकडे हा धडा आधीच मिळालेला आहे. चीफ नावाचा एक होल्स्टिन वळू १९६२ मध्ये जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध द्यायच्या म्हणून त्याचं वीर्य जगभर गेलं. त्याच्यात एपीएएफ१ जनुकाचा एक दोष होता. दोन्हीकडून तो आला की गर्भ टिकत नाही. २०१६ च्या हिशोबानुसार त्या एका दोषामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले. आता वळू निवडताना अशा दोषांची जनुकीय चाचणी करतात.

---

शलाका

भारतात २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्र) कायद्याने एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. दाता २१ ते ५५ वयाचा असावा लागतो. दात्याचं वीर्य आपल्याकडे ताजं वापरत नाहीत. गोठवून सहा महिने बाजूला ठेवायचं, दात्याची एचआयव्ही आणि इतर तपासण्या पुन्हा करायच्या, मगच ते वापरायचं, अशी पद्धत आहे. म्हणजे दात्याच्या वीर्याने मूल होणार असेल तर ते गोठवलेल्या वीर्यानेच होणार, आणि ती बाळाच्या आईच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.

---

अव्यक्त

माझं वय ३८, बेंगळुरूत आयटीत आहे. लग्न इतक्यात नाही. वजन जास्त आहे, सिगारेट ओढतो. वीर्य गोठवून ठेवावं का? की गोठवल्याने जे होईल त्यापेक्षा वाट पाहिलेली बरी?

---

शलाका

अव्यक्त, थेट लिहिलंत ते बरं केलंत.

वयाचा परिणाम मोजलेला आहे. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासानुसार वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवी म्युटेशन्स (डीएनएच्या अक्षरांतले बदल) जास्त येतात. गोठवल्याने ती वाढ थांबते. तरी ३८ व्या वर्षी केवळ वयासाठी घाईने गोठवा असं मी म्हणणार नाही. गोठवलेलं वीर्य वापरायचं म्हणजे पुढे आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा इक्सी (लॅबमध्ये एक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं) आलंच, आणि त्यातला बहुतेक त्रास बायकोच्या वाट्याला येतो. नैसर्गिकरीत्या मूल होण्याची शक्यता असताना तिला त्यात ओढू नये.

त्याआधी तुमच्या हातात असलेली गोष्ट बघा. कोपनहेगनच्या गटाने २०१६ मध्ये वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर पुरुषांच्या शुक्राणूंचं मिथिलेशन तपासलं. मेंदूच्या आणि भुकेच्या नियंत्रणाशी निगडित जनुकांपाशी त्यांना फरक दिसला, आणि वर्षभरात तो आणखी वाढला. नवा शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. आज सिगारेट सोडलीत तर तीन महिन्यांनी तुमचे शुक्राणू वेगळ्या शरीरात घडलेले असतील. एपिजेनेटिक्सची काळजी असलेल्या माणसासाठी नायट्रोजनच्या टाकीपेक्षा हे कितीतरी मोठं पाऊल आहे. एक साधी वीर्य तपासणी करून घ्या. संख्या फारच कमी निघाली किंवा उतरत चालली असेल तर गोठवण्याचा विचार नक्की करा.

---

डॉ_मधुरा

याला एक जोड देते. ज्यांची शुक्राणूसंख्या मुळात खूप कमी असते त्यांच्या शुक्राणूंत इम्प्रिंटिंगच्या चुका जास्त सापडतात, हे पोर्तुगालच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. म्हणजे गोठवण्याच्या आधीच. ब्रसेल्समध्ये इक्सीने जन्मलेल्या पहिल्या पिढीतल्या ५४ तरुणांची २०१६ मध्ये तपासणी झाली. त्यांची शुक्राणूसंख्या बरोबरीच्या इतर तरुणांच्या जवळपास निम्मी होती. या मुलांचे वडील वंध्यत्वाचेच रुग्ण होते. मुलांत दिसणारा फरक तंत्रामुळे आला की बापाकडून आला, हे वेगळं करणं किती अवघड असतं ते यावरून कळेल.

---

रेवती_एस

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. पायाच्या हाडाचा कॅन्सर निघालाय. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. डॉक्टरांनी नमुना ठेवायला सुचवलंय. त्याचे बाबा म्हणतात की एवढ्या लहान मुलाशी हे कसं बोलायचं. मला वाटत होतं की गोठवलेल्यापासून पुढे नातवंडाला काही झालं तर. धागा वाचून ती भीती कमी झाली आहे. पण त्याच्याशी बोलायचं कसं? आणि या वयात जमतं का?

---

शलाका

रेवतीताई, जमतं. वयात आलेल्या मुलाला, अगदी तेरा-चौदाच्या पुढेही, नमुना देता येतो. या आठवड्यातच या, केमोचा पहिला डोस जाण्याच्या आधी. डोस सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात डीएनएला इजा झालेली असू शकते, म्हणून ही घाई. एकच नमुना मिळाला तरी चालेल. इक्सीमुळे फार थोडे शुक्राणूही पुरतात. जमलं तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी एखादा ठेवा. त्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांची रक्ततपासणी करावी लागेल. ती बहुधा केमोसाठी आधीच झालेली असेल, ते रिपोर्ट आणा.

बोलण्याबद्दल. आईवडिलांपेक्षा डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने त्याच्याशी एकट्याशी बोललेलं मुलांना सोपं जातं. तुम्ही बाहेर थांबा. आमच्याकडे येणारी मुलं सुरुवातीला गप्प असतात, पण कारण कळलं की ती मोठ्यांहून समजूतदारपणे वागतात. आणि 'तू बरा होणार आहेस आणि पुढचं आयुष्य तुझं आहे' हे या विषयातून त्याला न सांगता कळतं. त्याची इच्छा नसेल तर जबरदस्ती मात्र करू नका.

तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

कृष्णाकाठ

रेवतीताई, मी या वाटेने गेलोय. चोविसाव्या वर्षी वृषणाचा कॅन्सर झाला होता, केमोच्या आधी नमुना ठेवला. खोलीत जाताना लाज वाटली होती एवढं आठवतं. केमोनंतर माझी संख्या परत आलीच नाही. आज मुलगी दुसरीत आहे, त्याच नमुन्यापासून झालेली. ती आजारी पडली की पहिली काही वर्षं माझ्या मनात तोच प्रश्न यायचा. मग तिच्या डॉक्टरांनी एकदा शांतपणे सांगितलं की शाळेत जायला लागलेल्या सगळ्याच मुलांना सर्दी होते. तुमचा मुलगा खडखडीत बरा होवो.

---

रेवती_एस

खूप आभार तुम्हा दोघांचे. उद्या त्याच्या डॉक्टरांना त्याच्याशी बोलायला सांगते. अजून दोन प्रश्न. नमुना किती वर्षं ठेवता येतो? आणि उपचार मुंबईत आहेत, घर अकोल्याला. पुढे दुसऱ्या शहरात नेता येतो का?

---

शलाका

किती वर्षं टिकतो याचं उत्तर जीवशास्त्राकडे मागितलं तर अनेक दशकं. इंग्लंडमध्ये १७ व्या वर्षी ठेवलेल्या नमुन्यापासून २१ वर्षांनी बाळ झाल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं, तोही वृषणाच्या कॅन्सरचा रुग्ण होता. चीनमधल्या हुनानच्या बँकेने एक लाखाहून जास्त नमुन्यांचा हिशोब २०१९ मध्ये मांडला. पंधरा वर्षांपर्यंत ठेवलेल्यांमध्ये वितळल्यावर जगणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण ८५ वरून ७४ टक्क्यांवर आलं, पण मूल होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

कायद्याचं वेगळं. आपल्या कायद्यात दात्याचं बीज आणि भ्रूण यांच्यासाठी दहा वर्षांची मर्यादा लिहिलेली आहे. ब्रिटनने जुलै २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमती नवी करत ५५ वर्षांपर्यंत परवानगी दिली आहे. तुमच्या मुलाचा नमुना त्याच्या स्वतःसाठी आहे. बँकेकडून मुदत आणि नूतनीकरणाची तारीख लेखी घ्या, आणि फोन किंवा पत्ता बदलला की त्यांना कळवत जा. आठवणीचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत येणं, ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची अडचण आहे.

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो, तो वाचून घाबरू नका: रुग्ण हयात नसेल तर नमुन्याचं काय करायचं. हा प्रश्न आपल्याकडे प्रत्यक्षात आलेला आहे. २०१८ मध्ये पुण्यात एका आईने कॅन्सरने गेलेल्या आपल्या मुलाच्या, जर्मनीत गोठवून ठेवलेल्या वीर्यापासून सरोगसीने जुळी नातवंडं मिळवली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका अविवाहित मृत तरुणाचा नमुना त्याच्या आईवडिलांच्या ताब्यात द्यायला सांगितलं. तुमचा मुलगा अठरा पूर्ण झाला की तो रकाना त्याने स्वतः पुन्हा भरावा.

दुसऱ्या शहरात नेता येतो. त्यासाठी ड्राय शिपर नावाचा डबा असतो. त्याच्या भिंतींनी नायट्रोजन शोषून घेतलेला असतो, त्यामुळे आत द्रव हिंदकळत नाही आणि थंडपणा काही दिवस टिकतो. दोन्ही केंद्रांची नोंदणी, मुलाची संमती आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट लागतात. सगळ्या नळ्या एकाच खेपेत पाठवू नका, निम्म्या मूळ जागीच राहू द्या.